क्वार्टेटमध्ये रॉकचं काय काम?

शंका: एका मैफलीत स्ट्रिंग क्वार्टेटने मोझार्टनंतर जिमी हेंड्रिक्सचं 'पर्पल हेझ' वाजवलं. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, मी मात्र खट्टू होऊन घरी आलो. लोकांना खूश करण्यासाठी बेथोव्हेनने असं काही केलं असतं का?
– एक निवृत्त प्राध्यापक, नाशिक

समाधान: केलं असतं नव्हे, केलंच होतं. 1797 मध्ये व्हिएन्नात योझेफ वाइगल यांचा एक हलकाफुलका ऑपेरा आला. त्यातली एक चाल गल्लोगल्ली लोकांच्या तोंडी बसली. बेथोव्हेन तेव्हा क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो यांच्यासाठी आपलं ओपस 11 लिहीत होते. शेवटच्या भागासाठी त्यांनी ही चाल उचलली आणि तिच्यावर नऊ व्हेरिएशन्स रचली. रस्त्यावरच्या गाण्यावरून पडलेलं 'गासनहाउअर' हे टोपणनाव त्या ट्रायोला आजतागायत चिकटलेलं आहे.

तरीही आपल्या नाराजीत तथ्य आहे. वाइगल आणि बेथोव्हेन एकाच स्वरव्यवस्थेत लिहीत होते. चाल रस्त्यावरून दिवाणखान्यात आली तरी तिला कपडे बदलावे लागत नव्हते. विसाव्या शतकात ही सोय संपली. स्ट्राविन्स्कींनी 1918 मध्ये अकरा वाद्यांसाठी 'रॅगटाइम' लिहिलं, तेव्हा त्यांना त्याच नावाच्या नाचाच्या ठेक्याची मोडतोड करून तो आपलासा करावा लागला. राव्हेल यांनी 1927 मध्ये पूर्ण केलेल्या व्हायोलिन सोनाटाच्या मधल्या भागाला सरळ 'ब्लूज' असंच नाव दिलं. त्यात व्हायोलिन बॅंजोसारखं छेडलं जातं आणि मिंडेने स्वर ओघळत राहतात. उसनं घेतलेलं संगीत लेखकाला स्वतःचं लिहिणं बदलायला लावतं का, हीच माझी कसोटी आहे. राव्हेल तिला उतरतात.

'पर्पल हेझ' उतरत नाही. क्रोनोस क्वार्टेटने 1986 च्या आपल्या रेकॉर्डमध्ये ते घेतलं आणि तेव्हापासून जगभरच्या क्वार्टेटना ते 'वन्स मोअर'साठी हाताशी मिळालं. वाजवायला मजा येते, ऐकायलाही येते, पण ती मांडणी आहे, रचना नव्हे. मात्र आवाज वाढवलेला, करकरणारा, कर्कश क्वार्टेट ही कल्पना बाजारातून आलेली नाही. जॉर्ज क्रम यांनी 1970 मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या छायेत 'ब्लॅक एंजल्स' हे विद्युत तंतुवाद्यांसाठी लिहिलं. ते रेडिओवर ऐकूनच डेव्हिड हॅरिंग्टन यांनी 1973 मध्ये सिअ‍ॅटलला क्रोनोसची स्थापना केली. प्राध्यापक महाशय, एकदा 'ब्लॅक एंजल्स' ऐका. त्यानंतर हेंड्रिक्सवर राग राहणार नाही, उलट तो सौम्य वाटेल.

शंका: मी व्हायोलिन शिकते. स्टीव्ह राइश यांचं 'रेडिओ रिराइट' रेडिओहेडच्या गाण्यांवर आधारलेलं आहे असं वाचलं. दोनदा ऐकलं, पण गाणी सापडली नाहीत. माझं काही चुकतंय का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

समाधान: काही चुकत नाही, तुझे कान ठीक आहेत. गाणी कायम ओळखू यावीत असा राइश यांचाच हेतू नव्हता.

2011 मध्ये पोलंडमधल्या क्राकूवला एका महोत्सवात रेडिओहेडचे गिटारवादक जॉनी ग्रीनवुड यांनी राइश यांचं 'इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट' वाजवलं. त्यानंतर राइश यांनी रेडिओहेड ऐकायला घेतलं आणि दोन गाणी निवडली: 'जिगसॉ फॉलिंग इन्टू प्लेस' आणि 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस'. 'रेडिओ रिराइट'चे पाच भाग आहेत, द्रुत आणि विलंबित आळीपाळीने. द्रुत भाग पहिल्या गाण्यावर, विलंबित दुसऱ्यावर. फ्लूट, क्लॅरिनेट, दोन व्हायब्राफोन, दोन पियानो, स्ट्रिंग क्वार्टेट आणि इलेक्ट्रिक बास असा ताफा. मार्च 2013 मध्ये लंडनला त्याचा पहिला प्रयोग झाला.

राइश यांनी मुख्यतः घेतले ते कॉर्ड्स. चालीचे तुकडे इकडेतिकडे डोकावतात, पण बहुतेक जागी सुरावट त्यांची स्वतःची आहे. त्यामुळे गाणं शोधायला बसलीस तर हाती फारसं काही लागणार नाही. आधी 'एव्हरीथिंग' ऐक, फक्त कीबोर्डकडे लक्ष दे, कॉर्ड कोणत्या क्रमाने येतात ते पियानोवर दाबून बघ. मग रचनेचा दुसरा भाग लाव. तिथे तोच रंग ओळखू येईल. माझं मत विचारशील तर विलंबित भाग सुंदर आहेत, द्रुत भागांत राइश आपल्याच जुन्या वाटेने चालतात. याच माणसाने 2008 मध्ये '2 बाय 5'साठी गिटार, बास, ड्रम्स असा रॉकचाच सरंजाम मांडला होता, तिथे तर रॉक बॅंड समोर असूनही ऐकू येतात ते राइशच.

रॉकचा खरा परिणाम कॉर्डपेक्षा अंगात अधिक दिसतो. न्यूयॉर्कमध्ये 1987 मध्ये मायकल गॉर्डन, डेव्हिड लॅंग आणि ज्युलिया वुल्फ यांनी 'बॅंग ऑन अ कॅन' ही संगीतसंस्था सुरू केली. रॉक ऐकत वाढलेली ही पिढी. लॅंग यांचं 'चीटिंग, लाइंग, स्टीलिंग' (1993) घे. बास क्लॅरिनेट, चेलो, पियानो, गिटार, आणि तालाला मोटारींचे भंगारातले ब्रेक ड्रम. ठेका रॉकच्या जोमाने सुरू होतो आणि अडखळतो, पुन्हा उठतो, पुन्हा वेगळ्याच जागी अडखळतो. मान डोलवायला जावं तर सम हुकते. चाल कोणाचीच घेतलेली नाही, तरी रॉक नसतं तर ही रचना झालीच नसती.

तुझ्या वाद्यापुरतं एक: व्हायोलिनवर ड्रमसारखा ठेका धरायचं 'चॉप' नावाचं तंत्र आहे. बो मुठीजवळ धरून तारांवर आपटायचा. रिचर्ड ग्रीन या ब्लूग्रास वादकाने ते 1960 च्या दशकात काढलं आणि डॅरोल अ‍ॅंगर यांनी टर्टल आयलंड क्वार्टेटमधून ते पुढे नेलं. शिकून घे, पण गुरुजींचा चांगला बो वापरू नकोस.

शंका: आशाताईंनी क्रोनोसबरोबर केलेली रेकॉर्ड शास्त्रीय म्हणायची की फिल्मी?
– एक वाचक, मिरज

समाधान: फिल्मी, आणि त्यात कमीपणा काही नाही. क्रोनोसने 2000 च्या 'कॅराव्हान'मध्ये आर. डी. बर्मन ऊर्फ पंचमदा यांचं 'आज की रात' घेतलं होतं, सोबत झाकिर हुसेन. त्यातून 2005 मध्ये 'यूव्ह स्टोलन माय हार्ट' ही सबंध रेकॉर्ड झाली. आशा भोसले तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. झाकिरभाई आणि पिपा हे चिनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या वू मान सोबतीला होत्या.

अडचण होती ती पंचमदांच्या वाद्यवृंदाची. त्यांच्या गाण्यात अंतऱ्यापर्यंत पोचेतो पाचसहा तऱ्हांचे आवाज येऊन जातात. चार तंतुवाद्यांत ते बसणं शक्यच नव्हतं. म्हणून क्रोनोसच्या मंडळींनी कीबोर्डला आणि तालवाद्यांनाही हात लावला. म्हणजे इथे चित्रपटसंगीत क्वार्टेटमध्ये शिरलं नाही, क्वार्टेटच चित्रपटसंगीतात शिरला. 'मेरा कुछ सामान' मला त्यात सगळ्यात जमलेलं वाटतं, कारण ते गाणं मुळातच ठेक्यापेक्षा बोलण्याच्या लयीवर उभं आहे आणि तंतुवाद्यांना आशाताईंच्या श्वासामागे चालायला जागा मिळते. 'दम मारो दम'मध्ये मात्र मूळची धुंदी येत नाही.

उलट दिशेचा प्रवास आपल्याकडे आधीच झाला होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवत आणि संयोजन करत. 1958 मध्ये त्यांनी स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवर आधारलेल्या रचना व्यासपीठावर आणल्या आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना त्यांत गायला बोलावलं. 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं. त्या रचना मात्र तशा पोचल्या नाहीत, याची खंत वाटते.

शंका: जुन्या हिंदी गाण्यावर स्ट्रिंग क्वार्टेट लिहायचा आहे. परवानगी लागते का?
– एक तरुण संगीतकार, डोंबिवली

समाधान: लागते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो आणि दुसऱ्या वाद्यांसाठी केलेली मांडणीही त्या हक्कात येते. पंचमदा 1994 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींसाठी 2054 संपेपर्यंत विचारावं लागेल. गाणं ज्या संगीत कंपनीकडे आहे तिला आधी लेखी पत्र पाठवा, क्वार्टेट नंतर लिहा. आणि चालीचाच आग्रह नसेल, गाण्याचा नुसता ठेका किंवा वाद्यांचा रंग हवा असेल, तर त्यावर सहसा कोणाची मालकी नसते. मला विचाराल तर दुसरा मार्गच धरा. पत्रव्यवहार वाचेल आणि रचनाही तुमची होईल.