समुद्रावरील पहारा : मासेमारीचे नियमन

जमिनीच्या हद्दीला बांध असतो. समुद्राला तो घालता येत नाही. तरीही आपला समुद्र कायद्याने वाटून दिलेला आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीत आहे, तर प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी संघसूचीत. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याने प्रादेशिक समुद्र बारा सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा, आणि अनन्य आर्थिक क्षेत्र दोनशे मैलांपर्यंत ठरविले. सारांश, पहिले बारा मैल राज्याचे आणि त्यापुढील पाणी केंद्राचे. राज्यशास्त्राच्या पुस्तकात हा विषय चार ओळींत संपतो. बंदरावरचे भांडण मात्र तेथूनच सुरू होते.

स्वातंत्र्यानंतर शासनानेच मासेमारीच्या यांत्रिकीकरणाला उत्तेजन दिले. यंत्रनौका व ट्रॉलर वाढले, तशी किनाऱ्याजवळ जाळी टाकणाऱ्या पारंपरिक मच्छिमारांची मासळी घटू लागली व समुद्रात मारामाऱ्या होऊ लागल्या. अशा परिस्थितीत महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा कायदा झाला. कोणत्या क्षेत्रात, कोणत्या हंगामात व कोणत्या जाळ्याने मासेमारी करावी हे ठरविण्याचा आणि परवाना देण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार या कायद्याने शासनाला मिळाला.

यातील सर्वांत कडवा वाद पर्ससीन जाळ्याचा आहे. बांगडा व तारली थव्याने फिरतात. पर्ससीनवाले त्या थव्याला जाळ्याचा वेढा घालतात आणि खालचा दोर आवळून घेतात. बटव्याचे तोंड मिटावे तसे जाळे मिटते व सगळा थवा आत सापडतो. उलट रापण किनाऱ्यावरून माणसे ओढतात. थवा किनाऱ्याकडे आलाच नाही तर दिवसभर ओढूनही हाती काय लागणार? म्हणून ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या जलधिक्षेत्रात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत उतरविण्याचे धोरण ठरविले.

परंतु नौकामालक म्हणतो, "आम्ही बारा मैलांच्या बाहेर मासे धरले." ते खोटे कसे ठरवावे? मासळीवर मैलाचा शिक्का नसतो. गस्तीनौकेने जाळे पाण्यात असतानाच गाठले तर गोष्ट वेगळी. पण पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर असे किती वेळा घडणार? त्यातून पूर्वी या प्रकरणांचा निवाडा तहसीलदारांकडे असे. ज्यांच्या टेबलावर सातबाऱ्याचे ढीग, त्यांनी जाळ्याच्या आसाचाही निकाल द्यायचा! २०२१ च्या दुरुस्तीने हे काम मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि दंडही वाढला. एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्यास तो वीस लाखांपर्यंत होऊ शकतो. जानेवारी २०२५ पासून ड्रोनद्वारे टेहळणीही सुरू झाली आहे.

तथापि माझ्या मते खरा पहारा समुद्रापेक्षा बंदरावर अधिक परिणामकारक होतो. पावसाळी बंदीचेच पाहा. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते (पूर्वी आपल्याकडे ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट वा नारळी पौर्णिमेपर्यंत असे). हा नियम मोडलेला लपत नाही, कारण नांगरलेल्या नौका कोणालाही मोजता येतात. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२३ मध्ये तामिळनाडूच्या पर्ससीन प्रकरणात हाच मार्ग धरलेला दिसतो. बारा मैलांबाहेर मासेमारीस तात्पुरती मुभा देताना सोमवार व गुरुवार हे दोनच वार, सकाळी आठ ते सायंकाळी सहा ही वेळ आणि नौकेचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र, अशा अटी घातल्या. त्याच वेळेत निघणे आणि परतणे असले, म्हणजे धक्क्यावर उभ्या माणसालाही हिशेब ठेवता येतो.

बाहेरच्या समुद्रात परदेशी जहाजांसाठी १९८१ पासून केंद्राचा कायदा होता. आपल्याच नौकांसाठी सविस्तर नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. आता यंत्रनौकांना तेथे जाण्यासाठी प्रवेशपत्र लागते.

राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान कायदेशीर लांबी ठरविली. पापलेटाची १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट पकडले गेले की नाही हे पाहायला गस्तीनौका लागत नाही, टोपलीशेजारी फूटपट्टी पुरते. अडचण एवढीच, की मासळीचा लिलाव कचेरीच्या वेळा पाहून होत नाही. होड्या लागतात तेव्हा बोली सुरू होते, आणि अर्ध्या तासात टोपल्या बर्फाखाली जाऊन टेम्पो रस्त्याला लागलेला असतो.