स्टिअरिंग न वळवता वळण!

गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगमधला एक जण घाटाच्या वळणावर बाइकसकट घसरला. "स्पीड फार नव्हता रे, साठच असेल," हातातलं प्लास्टर दाखवत तो सगळ्यांना सांगायचा. साठ म्हणजे खरंच कमी? हिशोब करू, पण आधी जरा पीथमपूरला जाऊन येऊ.

इंदूरजवळच्या पीथमपूरला 'नॅट्रॅक्स' हे केंद्र सरकारच्या पैशातून उभारलेलं वाहनचाचणी केंद्र आहे. जागा सुमारे १००० एकर. तिथल्या ११.३ कि.मी. लांबीच्या लंबगोल हायस्पीड ट्रॅकचं उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री, आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी केलं. त्याआधी अशा वेगाच्या चाचण्यांसाठी आपल्या कंपन्यांना परदेश गाठावा लागे. एवढा ट्रॅक प्रत्येकीने स्वतःचा बांधणं परवडणारं नाही, म्हणून तो सर्वांसाठी एक.

या ट्रॅकच्या वळणांचा 'न्यूट्रल स्पीड' ताशी २५० कि.मी. आहे. म्हणजे त्या वेगाला लागणारं अभिकेंद्री बल रस्त्याचा उतारच पुरवतो. टायरला आडवं घर्षण द्यावं लागत नाही, ड्रायव्हरला स्टिअरिंगशी झगडावं लागत नाही. एक फेरी पावणेतीन मिनिटांत, आणि वळणावर ब्रेक न मारता तासन्‌तास तोच वेग. इंजिन आणि टायरची खरी परीक्षा इथेच होते.

बारावीत घोकलेलं सूत्र आठवा: उतारकोनाचा टॅन = वेगाचा वर्ग ÷ (त्रिज्या × जी). उदाहरणापुरती त्रिज्या १००० मीटर धरू. ताशी २५० कि.मी. म्हणजे सेकंदाला ६९.४ मीटर. उत्तर येतं ०.४९, म्हणजे कोन सुमारे २६ अंश.

वळणावरची कमाल मर्यादा आहे ताशी ३७५. त्या वेगाला, तेवढ्याच त्रिज्येच्या सपाट वळणावर घर्षण गुणांक १.१ लागेल. साध्या टायरच्या आवाक्याबाहेरची गोष्ट! २६ अंशांच्या उतारावर मात्र ०.४ मध्ये भागतं. अर्थात फुकट काहीच नाही. न्यूट्रल स्पीडलाच रस्त्याचा टायरवरचा दाब वजनाच्या १.११ पट होतो. तो भार टायर आणि सस्पेन्शनने सोसायचा.

आता आपला घाट. समजा वळणाची त्रिज्या ३० मीटर, आणि उतार जवळजवळ नाहीच. ताशी ६० ला लागणारा घर्षण गुणांक ०.९४. ओल्या डांबरावर एवढं कुठून मिळणार? ताशी ३० असता तर ०.२४ पुरला असता. वेग निम्मा केला की गरज चौथाई होते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे.

पीथमपूरला ताशी २५० ने जाणाऱ्याची काळजी इंजिनिअरने आधीच करून ठेवलीय. घाटात ती आपली आपणच करायची. सूत्र तेच आहे राव, फक्त तिथे उत्तर चुकलं तर मार्क जात नाहीत, हात मोडतो.