दूरचित्रवाणीसाठी सरकारी अर्थसाहाय्य : बंगळूरचा अनुभव

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम पाहताना त्याचा खर्च कोणी केला, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात सहसा येत नाही. पुस्तकाला किंमत मोजावी लागते, नाटकाला तिकीट काढावे लागते; दूरचित्रवाणी मात्र घरबसल्या जणू फुकट दिसते. वस्तुतः तिच्या एकेका तासामागे लेखक, नट, छायाचित्रकार, तंत्रज्ञ अशा अनेकांचे श्रम आणि बराच पैसा असतो. हा पैसा कोठून येतो, यावर कोणत्या भाषेत, कोणासाठी व कशाविषयी बोलले जाईल हे पुष्कळ अंशी ठरत असते. या दृष्टीने कर्नाटकाची राजधानी बंगळूर अभ्यासण्याजोगी आहे. कारण सरकारी अर्थसाहाय्याच्या तीन निरनिराळ्या पद्धती तेथे एकामागून एक पाहावयास मिळतात.

पहिली पद्धत सरळ सरकारी खर्चाची. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण या विषयांवरील कार्यक्रम दाखविण्यात आले. या प्रयोगात कर्नाटकातील खेडीही होती. संच, कार्यक्रम आणि त्यांचा खर्च सारेच सार्वजनिक होते. परंतु कर्नाटकात त्या वेळी दूरचित्रवाणीचे केंद्र नसल्यामुळे कन्नड कार्यक्रम हैदराबादच्या केंद्रात तयार करावे लागत. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते, म्हणून मराठी प्रेक्षकाला आपल्या भाषेतील कार्यक्रम आपल्याच राज्यातून मिळत होते. कन्नड प्रेक्षकाला त्यासाठी वाट पाहावी लागली. प्रयोगानंतर १९७७ मध्ये गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे प्रक्षेपक बसला आणि १९८१ मध्ये बंगळूरचे केंद्र सुरू झाले. उपग्रह व संच यांवर पैसा खर्च केला म्हणजे काम संपले असे नव्हे, तर त्या प्रदेशातच निर्मितीची सोय करावी लागते, हा या प्रयोगाचा महत्त्वाचा धडा होय.

दुसरी पद्धत प्रायोजित कार्यक्रमांची. १९८४ मध्ये ‘हम लोग’ या मालिकेने ती देशभर रूढ केली. तिचे स्वरूप असे : निर्माता स्वतःच्या पैशाने मालिका तयार करतो, प्रक्षेपणासाठी दूरदर्शनला शुल्क देतो आणि त्याच्या मोबदल्यात त्याला जाहिरातींसाठी काही सेकंदांचा वेळ मिळतो, तो वेळ विकून त्याने आपला खर्च भरून काढावयाचा. म्हणजे येथे सरकार रोख रक्कम देत नाही, प्रक्षेपणाचा वेळ देते. ज्या काळी देशात दूरदर्शनखेरीज दुसरी वाहिनी नव्हती, त्या काळी हा वेळ रोख रकमेइतकाच मोलाचा होता.

याच दशकात, १९८६ मध्ये, आर. के. नारायण यांच्या कथांवरील ‘मालगुडी डेज’ ही मालिका दूरदर्शनवर आली. निर्माते टी. एस. नरसिंहन, दिग्दर्शक शंकर नाग. हे शंकर नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेले कलावंत होते. चित्रीकरण शिमोगा जिल्ह्यातील आगुंबे या गावी झाले. नट बहुतांशी कन्नड, भूमीही कन्नड. मालिका मात्र हिंदीत आणि काही भाग इंग्रजीत. राष्ट्रीय प्रसारणावर प्रेक्षक व जाहिरातदार हिंदीमुळे अधिक मिळत, हे त्यामागील उघड कारण आहे. मालिका उत्तम झाली यात शंका नाही. परंतु पैशाचा ओघ भाषेची निवड कशी करतो, हेही तिच्यावरून दिसून येते.

प्रादेशिक भाषेतील निर्मितीसाठी सार्वजनिक पैसा उपयोगी पडतो तो येथे. बंगळूर केंद्राच्या ‘चंदन’ या कन्नड वाहिनीवर २००२ पासून ‘थट्ट अंत हेळि’ हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालत आला आहे. डॉ. ना. सोमेश्वर हे त्याचे सूत्रधार. मोठ्या रकमेची बक्षिसे येथे नाहीत. विजेत्याला कन्नड पुस्तके मिळतात. केवळ जाहिरातीच्या उत्पन्नावर डोळा ठेवणाऱ्या वाहिनीने असा कार्यक्रम इतकी वर्षे चालविला असता, असे म्हणणे कठीण आहे.

तिसरी पद्धत अगदी अलीकडची असून ती संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या निर्मितीशी निगडित आहे. ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रांसाठी कर्नाटक सरकारने २०१२ मध्ये स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि पुढे त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. त्यांतील एक २०२४ मधील आहे. या पद्धतीत भर एखाद्या विशिष्ट कार्यक्रमावर नसून प्रशिक्षण, प्रयोगशाळा आणि नव्या उद्योगांना सवलती यांवर असतो. महागडी यंत्रसामग्री लहान निर्मात्याला विकत घेणे परवडत नाही. ती सामाईक केंद्रात उपलब्ध झाली तर त्याला काम करता येते, हा त्यामागील विचार आहे. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये असेच धोरण स्वीकारले.

मात्र येथे एक अडचण आहे. बंगळूरमधील या क्षेत्राचे बरेच काम परदेशी निर्मात्यांसाठी मजुरीवर केले जाते. त्यातून रोजगार मिळतो, कौशल्य वाढते; परंतु कथा व तिचे हक्क बाहेरच्यांकडे राहतात. कॅनडासारख्या देशाने शेजारच्या अमेरिकेच्या प्रभावापुढे टिकण्यासाठी निराळी वाट धरली. तेथील माध्यमनिधीत सरकार आणि केबल व उपग्रह सेवा देणाऱ्या कंपन्या या दोघांचाही वाटा असतो, आणि मदत देताना प्रमुख कलावंत व हक्क आपल्याच देशातील असावेत अशा अटी घातल्या जातात.

अर्थात, पैसा देणारा हात आशयावरही ताबा मिळवू पाहतो, हा धोका सरकारी साहाय्यात असतोच. याच चिंतेतून १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा संमत झाला व १९९७ मध्ये ती स्वायत्त संस्था अस्तित्वात आली. तरीही तिला केंद्राच्या अनुदानावर अवलंबून राहावे लागते. म्हणून अशा कोणत्याही योजनेचा विचार करताना नागरिकाने तीन गोष्टी पाहाव्यात : निवड कोण करतो, हक्क कोणाकडे राहतात आणि कार्यक्रम कोणाच्या भाषेत होतो. मंजूर रकमेचा आकडा त्यानंतर पाहावा.