नोंद एकाची, उपयोग अनेकांना



या पानावर आम्ही बेणे, खतांचे हप्ते, हुमणी, खोडवा व्यवस्थापन असे विषय नेहमी घेतो. या वेळचा धडा थोडा वेगळा आहे. पीक नव्हे, तर पिकाची नोंद हा आजचा विषय. एका शास्त्राच्या माणसांनी ठेवलेली नोंद दुसऱ्या शास्त्राच्या माणसांना खुली केली म्हणजे काय साधते, आणि तशी खुली करण्याजोगी नोंद कशी ठेवावी, हे आपण पाहू. विषय कागदाचा आहे म्हणून पान उलटू नये. शेवटी हिशेब आपल्या रानापर्यंतच येतो.

आधी आमची चूक

दोन हंगामांपूर्वी कृषी महाविद्यालयातील एक विद्यार्थी आमच्या ऊस विकास विभागात आला. कालव्याच्या खालच्या अंगाची रानं पांढरी पडत चालली आहेत, ती केव्हापासून आणि कोणत्या बाजूने खारावत गेली, हे त्याला शोधायचे होते. कालव्याच्या आवर्तनांचे आकडे त्याच्यापाशी होते. विहिरींच्या पाणीपातळीचे होते. माती तपासणीचे आकडे तेवढे आमच्याकडून हवे होते. आम्ही मोठ्या ऐटीत कपाट उघडून दिले. वीस-बावीस वर्षांचे रिपोर्ट गठ्ठ्यांनी बांधलेले होते.

पोराने दोन दिवस बसून गठ्ठे सोडले. बऱ्याच रिपोर्टांवर माती किती खोलीवरची, ते नव्हते. गट नंबर होता, पण वाटण्या होऊन पोटहिस्से पडल्यावर तो नमुना कोणत्या भावाच्या तुकड्यातला, ते नव्हते. तारीख होती ती रिपोर्ट दिल्याची, माती काढल्याची नव्हे. तो एवढेच म्हणाला, "साहेब, माती तपासलीय खरी, पण कुठली आणि कवाची, ते कळत नाही."

तो वाईट काही बोलला नाही, पण आम्हाला ते लागले. निचऱ्याचे चर आधी कोणत्या बाजूने काढावेत, याचे उत्तर त्या गठ्ठ्यांत असायला हवे होते. सभासदांनी पैसे भरून माती तपासली होती. आम्ही कागद जपला, पण त्यातील माहिती जपली नाही. ही चूक आमची आहे, सभासदांची नव्हे.

दीडशे वर्षांनी उपयोगी पडलेला गव्हाचा काड

नोंद नीट ठेवली तर काय होते, याचे सर्वांत चांगले उदाहरण इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या संशोधन केंद्राचे आहे. आपण जे सुपर फॉस्फेट वापरतो, त्याचे पेटंट १८४२ साली घेणारे जॉन बेनेट लॉज यांनी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला हाताशी घेऊन १८४३ साली तेथे प्रयोग सुरू केले. ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात पट्टे पाडून गहू पेरला. एका पट्ट्याला काहीच खत नाही, एकाला दरवर्षी शेणखत, बाकीच्यांना नत्र, स्फुरद, पालाश वेगवेगळ्या प्रमाणात. प्रश्न साधा होता : कोणत्या खताने पीक किती वाढते? तो प्रयोग आजही चालू आहे.

लॉज-गिल्बर्ट यांनी आणखी एक काम केले. दरवर्षीच्या उत्पन्नाचे आकडे तर लिहिलेच, शिवाय दाणा, काड आणि मातीचे नमुने चिठ्ठ्या लावून बाटल्या-डब्यांत ठेवले. आज तेथे असे सुमारे ३ लाख नमुने आहेत. ते कशाला उपयोगी पडतील, हे ठेवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

पुढे १९१९ साली रोनाल्ड फिशर हे गणिताचे अभ्यासक तेथे नोकरीला लागले. साठलेल्या आकड्यांतून काही निघते का, हे पाहण्याचे काम त्यांना मिळाले. कोणत्या वर्षी पाऊस-पाण्याने फरक पडला, कोठे जमिनीचा कस हळूहळू उतरला, आणि कोणता फरक या दोहोंपेक्षा वेगळा, हे त्यांनी वेगवेगळे काढून दाखवले. त्या कामातून प्रयोगांची मांडणी आणि आकड्यांची पारख करण्याच्या पद्धती तयार झाल्या. त्या आज औषधांच्या चाचण्यांतही वापरतात. आपल्याकडे नव्या वाणाची चाचणी घेताना चार-चार ठिकाणी चिठ्ठ्या टाकून वाफे पाडतात, तीही त्याच घराण्यातली रीत.

दुसरा उपयोग तर याहून नवलाचा. गव्हाच्या पानावर ठिपके पाडणाऱ्या दोन बुरशा आहेत. कधी एकीचा जोर, कधी दुसरीचा. असे का होते, हे रोगशास्त्रज्ञांना कळत नव्हते. त्यांनी रोथॅमस्टेडचे १८४४ पासूनचे जुने नमुने घेतले, त्यांतील बुरशांचे डीएनए मोजले, आणि कोणत्या काळात कोणती बुरशी जास्त होती ते काढले. मग हे आकडे हवेच्या प्रदूषणाच्या आकड्यांशेजारी मांडले. कोळशाच्या धुरातील गंधक-वायू हवेत जसा वाढला आणि पुढे कमी झाला, तसतसे दोन बुरशांचे प्रमाण बदलत गेलेले दिसले. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

आता विचार करावा. गहू ठेवला शेतीवाल्याने, धुराचा हिशेब ठेवला हवा मोजणाऱ्याने, डीएनए मोजले रोगशास्त्रज्ञाने. यांतील एकाने जरी कपाटाला कुलूप लावले असते, तर उरलेल्या दोघांना काही कळले नसते. आणि १८४४ सालच्या काडावर वर्ष व पट्टा लिहिलेला नसता, तर तो जळणाच्या कामाचा होता.

किंमत काढून टाकली तेव्हा

नोंद चांगली असून महाग असेल तरी ती पडूनच राहते. अमेरिकेने १९७२ साली लँडसॅट हा पृथ्वीची चित्रे घेणारा उपग्रह सोडला. त्या मालिकेतील उपग्रह आजही फिरत आहेत. २००० सालच्या सुमारास एका चित्राला ६०० डॉलर पडत. तेव्हाच्या सर्वांत चांगल्या वर्षात सुमारे २५ हजार चित्रे खपली. २००८ साली सर्व चित्रे मोफत केली. २००९ या एका वर्षात १० लाखांवर चित्रे लोकांनी घेतली.

२०१३ साली संशोधकांनी साऱ्या जगातील जंगलाच्या घट-वाढीचा नकाशा तयार केला. त्याला साडेसहा लाख चित्रे लागली. जुन्या भावाने हिशेब केला तर ३९ कोटी डॉलर होतात. कोणत्या विद्यापीठाने भरले असते? चित्रे आधीपासून होतीच, अडसर भावाचा होता.

हीच चित्रे आपल्या शिवाराचीही असतात. यातील एक ठिपका ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ ९ गुंठ्यांचा. पण चित्रात नुसते हिरवे दिसते. ते हिरवे म्हणजे आडसाली लागण की खोडवा, ऊस की मका, हे जमिनीवरच्या नोंदीशी पडताळल्याशिवाय पक्के होत नाही. म्हणजे वरून बघणाऱ्यालाही आपल्या चिटबॉयच्या वहीची गरज आहेच.

उसाच्या बाबतीतही हे घडले आहे. रियुनियन बेटावर तयार झालेल्या आर ५७० या वाणाचा पूर्ण जनुकीय आराखडा २०२४ साली प्रसिद्ध होऊन सर्व देशांच्या पैदासकारांना खुला झाला. तपकिरी तांबेऱ्याला हा वाण दाद देत नाही. ते कोणत्या जनुकांमुळे असावे, याचाही माग त्यातून लागला. आराखडा एका गटाने काढला, पण नवे वाण काढताना त्याचा आधार कोणीही घेऊ शकतो.

एक शब्द, तीन अर्थ

नोंद खुली केली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. एका शास्त्राची भाषा दुसऱ्याला कळली पाहिजे. आपलाच 'उतारा' हा शब्द घ्या. तलाठ्याकडे उतारा म्हणजे सातबारा. आपल्याकडे एकरी किती टन पडला तो उतारा. कारखान्याच्या प्रयोगशाळेत उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. बाहेरच्या माणसापुढे नुसते 'उतारा ११' लिहून ठेवले तर त्याने काय समजावे?

क्षारतेचेही तसेच. आपल्याकडील बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून ईसी मोजतात. निचऱ्याच्या पुस्तकांत मात्र माती पाण्याने पुरती भिजवून तिच्या अर्काची ईसी धरतात, आणि खारवट जमिनीची ४ ही मर्यादा त्या पद्धतीची आहे. पहिल्या पद्धतीचा आकडा त्याच मातीला बराच कमी येतो. पद्धत न लिहिता आकडा दिला, तर खारावलेले रान कागदावर चांगले ठरते, आणि निचरा व्हायचा राहून जातो.

दिवस आणि वर्षही एकच नसते. हवामान खाते पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरते. आपल्यातले काहीजण संध्याकाळी पाऊस मोजतात. जुलैत लावलेला आडसाली ऊस पुढच्या वर्षीच्या गाळपाला येतो, मग त्याचे वर्ष कोणते? लागणीचे की तोडणीचे? दोन्ही लिहावीत, म्हणजे वाद राहत नाही.

या सगळ्यासाठी २०१६ साली संशोधकांनी चार कसोट्या मांडल्या. आमच्या भाषेत सांगायचे तर नोंद सापडली पाहिजे, हातात मिळाली पाहिजे, दुसऱ्या नोंदीशी जुळली पाहिजे, आणि पुन्हा वापरता आली पाहिजे. आमचे कपाट पहिल्या दोन कसोट्यांत पास झाले, पुढच्या दोहोंत नापास.

खुली म्हणजे उघड्यावर टाकलेली नव्हे

गट ऑफिसच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक जाणते सभासद म्हणाले, "साहेब, माझ्या मातीचा रिपोर्ट खुला केला आणि उद्या बँकवाला म्हणाला, तुमचं रान खारट, कर्ज कमी मिळंल, तर मी कुणाकडं जायचं?"

हा प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. संशोधकाला खारेपणाचा आकडा, खोली, तारीख आणि जागा लागते. सभासदाचे नाव, खाते, कर्ज लागत नाही. नाव काढले तरी लहान गावात गट नंबरावरून माणूस ओळखू येतो, हेही खरे. म्हणून दोन प्रती ठेवाव्या लागतात. सर्वांना खुली असेल त्या प्रतीत फक्त गाव व शिवाराचा भाग. गट नंबराची प्रत केवळ लेखी करार करणाऱ्या संशोधकाला, आणि तीही सभासदाची संमती असेल तरच. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला आहे, पण कायदा नसता तरी सहकारात विचारल्याशिवाय दुसऱ्याचे देऊ नये, हे आपण जाणतोच.

आणखी एक अट आम्ही घालू. जो आपले आकडे नेईल, त्याने निष्कर्ष मराठीत लिहून याच पानासाठी द्यावा. बेणे नेले तर दुसऱ्याला बेणे द्यावे, ही आपली जुनीच रीत आहे.

सभासदांनी एवढे करावे

१. मातीचा नमुना देताना पिशवीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी : गाव, गट नंबर, पोटहिस्सा, खोली, माती काढल्याची तारीख, आधीचे पीक.

२. आकड्यापुढे एकक लिहावे. एकर की हेक्टर, टन की क्विंटल, हे मनात ठेवू नये.

३. मोजले नाही तेथे 'मोजले नाही' लिहावे, शून्य टाकू नये. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. वाटणी झाली, नवी विहीर पडली, पाईपलाईन आली, तर तारखेसह गट ऑफिसला कळवावे.

५. खोडवा असेल तर खोडवाच सांगावा. लागण म्हणून नोंद झाली तर आपल्याच गावाचे आकडे खोटे ठरतात.

६. चुकलेला आकडा खोडून काढू नये. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा.

आमच्याकडून, जुने गठ्ठे गावागावांत आणून बसण्याचे ठरवले आहे. ज्यांचे रिपोर्ट आहेत त्यांनी येऊन कोणता नमुना कोणत्या तुकड्यातला आणि कोणत्या साली काढलेला, ते आठवून सांगावे. वडीलधाऱ्यांना जरूर बरोबर आणावे. कोणते रान आधी पांढरे पडले, हे त्यांना कागदापेक्षा चांगले ठाऊक असते. जे आठवणीतून लिहू त्यापुढे 'आठवणीवरून' अशी खूण करू, म्हणजे मोजलेले आणि सांगितलेले यांची गल्लत होणार नाही. कालव्याखालच्या गावांपासून सुरुवात करू, कारण तेथे उशीर परवडणारा नाही.