ओपनबीएसडीवर वाय-फाय का चालत नाही?

प्रश्न : लॅपटॉपवर ओपनबीएसडी टाकल्यावर वाय-फाय चालत नाही. कार्ड बदलावे लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. इंटेलच्या बऱ्याच कार्डांना ड्रायव्हरखेरीज फर्मवेअरची फाइल लागते. परवान्याच्या अटींमुळे ती मूळ संचात नसते. 'डीमेसेज' या आज्ञेने उमटणाऱ्या नोंदींत फर्मवेअर वाचता न आल्याची तक्रार दिसल्यास लॅन केबल किंवा यूएसबीने जोडलेल्या अँड्रॉइड फोनचे इंटरनेट घेऊन फर्मवेअर उतरवणारी 'एफडब्ल्यू_अपडेट' ही आज्ञा चालवावी व संगणक पुन्हा सुरू करावा. कार्डाच्या ओळीत 'नॉट कॉन्फिगर्ड' असेल, तर मात्र ड्रायव्हरच नाही. मग खटपट व्यर्थ. यूएसबी अडॅप्टर घेणे स्वस्त पडते. घेताना आतल्या चिपला ओपनबीएसडीत ड्रायव्हर आहे ना ते पाहावे, कारण मॉडेलचे नाव तेच ठेवून चिप बदलण्याची उत्पादकांना खोडच आहे. ब्लूटूथची आशा नको. तो भाग ओपनबीएसडीतून २०१४ मध्येच काढून टाकला गेला.