कोकणात मोटारसायकलवर पाच दिवस : माणशी खर्च किती धरावा?

पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरायचं, खाडीमागून खाडी ओलांडत समुद्राकाठाने रत्नागिरी गाठायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे परतायचं. दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की मित्रांच्या गटात हा बेत हमखास निघतो. मग पहिला प्रश्न येतो पेट्रोलचा. खरं तर एकूण खर्चात पेट्रोलचा वाटा जेमतेम सहावा हिस्सा असतो. खर्च वाढतो तो मुक्काम आणि जेवणामुळे, म्हणजे दिवसांमुळे. म्हणूनच पुष्कळ जण एक दिवस कापतात, आणि वळणांच्या रस्त्यावर तीच काटकसर सगळ्यात महागात पडते.

मार्ग

पहिला दिवस : पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर (सुमारे 170 कि.मी.).
दुसरा : बागमांडला ते वेसवी फेरीबोट, केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळ ते धोपावे फेरीबोट, गुहागर (120).
तिसरा : हेदवी, तवसाळ ते जयगड फेरीबोट, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी (90).
चौथा : आंबा घाटातून कोल्हापूर (130).
पाचवा : महामार्गाने पुणे (230).

बेरीज 740 होते, पण देवळं, किल्ले आणि चुकलेल्या वाटा धरून 850 कि.मी. पकडा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचे आकडे कमी दिसतात म्हणून फसू नका. अरुंद रस्ता, उतार, गावातली वर्दळ आणि फेरीबोटीची वाट पाहणं यात दिवस सहज जातो.

माणशी हिशेब

सहा मित्र, प्रत्येकाची स्वतःची 350 सीसी गाडी आणि एका खोलीत दोघे, असं धरून :

- पेट्रोल (लिटरला 35 कि.मी., दर 105 रुपये) : 2,550
- मुक्काम, 4 रात्री (माणशी 1,000) : 4,000
- जेवण, नाश्ता, चहा (दिवसाला 700) : 3,500
- तीन फेरीबोटी, गाडीसह : 300
- निघण्यापूर्वीचं सर्व्हिसिंग : 2,500
- सामायिक हत्यारं, पंक्चर किट, हवेचा पंप : 300
- राखीव : 2,000

एकूण 15,150 रुपये. गाडी 150 सीसीची असेल तर पेट्रोलमध्ये पाचसहाशे रुपये वाचतात. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. गटात विषम संख्या असेल तर एकाला पूर्ण खोलीचं भाडं पडतं. ते सगळ्यांत वाटायचं की त्याने एकट्याने द्यायचं, हे आधीच ठरवा. नाताळ ते नववर्ष आणि सलग सुट्ट्यांत किनाऱ्यावरचे खोल्यांचे दर दुपटीवर जाऊ शकतात. शक्य असेल तर सोमवार ते शुक्रवार जा.

गाडी भाड्याची असेल तर

मोठ्या शहरात 350 सीसी गाडीला दिवसाला साधारण 1,000 ते 1,500 रुपये भाडं धरा, म्हणजे पाच दिवसांचे 5,000 ते 7,500. सर्व्हिसिंगचे पैसे त्यातून वजा होतील. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या, कारण परवानाधारक भाड्याच्या गाडीची ती खूण आहे. खासगी पाटीची गाडी भाड्याने घेतलीत आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. रोजची किलोमीटरची मर्यादा, त्यापुढचा दर आणि अनामत परत मिळण्याची अट लेखी घ्या. ताबा घेताना टाकी, आरसे, सायलेन्सर आणि दोन्ही चाकांचे फोटो काढा.

इथे हात आखडू नका

टायर : बाजूला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत खाचेत बघा, रबराचा एक उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली असेल, तर टायर बदलल्याशिवाय घाटात उतरू नका.

ब्रेक : पॅड काढून बघायला सांगा, ‘चालतील अजून’ यावर विसंबू नका. ताम्हिणीच्या उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात आणि पकड सुटते. खालच्या गिअरमध्ये उतरा.

ट्यूब आणि केबल : तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. पंक्चर काढायला चाक खोलावं लागतं, म्हणून पुढची आणि मागची एकेक ट्यूब बरोबर हवी. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलही घ्या. काहीशे रुपयांची केबल नसली, तर गाडी टेम्पोत घालून आणायला काही हजार मोजावे लागतात.

विमा : नव्या गाडीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. तो संपलेला नाही ना, हे आजच तपासा. विमाच नसेल तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड आहे. घरापासून लांब गाडी बंद पडली तर मदत देणारी जोड थोड्या हप्त्यात मिळते, मात्र ती किती किलोमीटरपर्यंत गाडी ओढून नेते ते वाचून घ्या.

हेल्मेट : आयएसआय चिन्हाचं, पूर्ण चेहरा झाकणारं. मागे बसणाऱ्यालाही तेच.

पैसे कसे सांभाळायचे

निघण्यापूर्वी प्रत्येकाने 8,000 रुपये सामायिक खात्यात टाकावेत आणि एकालाच खजिनदार नेमावं. मुक्काम, जेवण, फेरीबोट त्यातून, पेट्रोल ज्याचं त्याचं. गाडी पडली किंवा बिघडली तर खर्च मालकाचा की वाटून घ्यायचा, हेही घरीच बोलून घ्या. रस्त्यात हा विषय निघाला की मैत्रीत कडवटपणा येतो. खाडीकाठच्या गावांत रेंज गेली की यूपीआय चालत नाही, म्हणून प्रत्येकाकडे 2,000 रुपये रोख हवेत. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरा. शेवटची फेरीबोट किती वाजता आहे, हे त्या दिवशी सकाळीच विचारा. ती चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो.

बजेट कमी असेल तर

रत्नागिरीहून थेट पुणे गाठलं की कोल्हापूरचा मुक्काम आणि एका दिवसाचं जेवण मिळून 1,700 रुपये वाचतात. त्यासाठी घाटासह 360 कि.मी. एका दिवसात चालवावे लागतात, आणि शेवटचे काही तास महामार्गावर अंधारात, ट्रकच्या रांगेत, थकलेल्या हातांनी जातात. गाडी नुसती आडवी झाली तरी लिव्हर, इंडिकेटर आणि हँडल मिळून ही बचत संपते. माणसाला लागलं तर त्याचा हिशेबच नाही.

पैसे कमी पडत असतील तर दिवसात जास्त किलोमीटर कोंबू नका, मार्गच छोटा करा. हरिहरेश्वर आणि दापोली असे दोन मुक्काम करून मंडणगड, महाड, वरंध घाट, भोर असं परत या. तीन दिवस, सुमारे 500 कि.मी. आणि राखीव रकमेसह माणशी 10,500 रुपये. पावसाळ्यात वरंध घाट अनेकदा बंद ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करा. आणि कोणताही मार्ग घेतलात तरी सूर्य मावळायच्या आत सगळ्या गाड्या मुक्कामी लागल्याच पाहिजेत, हा नियम गटातल्या प्रत्येकाकडून निघण्यापूर्वी कबूल करून घ्या.