घरबसल्या काम : पैसा कोणाकडून कोणाकडे जातो?



या महिन्याचा अभ्यासपाठ बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांच्याही हातात आज मोबाईल आहे. त्यामुळे हा पाठ त्यांच्यासाठीही आहे.

घरी बसून चार पैसे मिळावेत असं कोणाला वाटत नाही? कसारा किंवा कर्जत लोकलच्या गर्दीत लहान मूल सोडून रोज ठाण्याला जाणं प्रत्येकीला जमत नाही. आपल्या भागात घरकाम म्हणून पापड लाटणं, राख्या करणं, कपड्यांचे धागे कापणं, साडीला फॉल-पिको करणं चालतंच. म्हणून "घरबसल्या काम, महिना ३० हजार" असा मेसेज आला की मन तिकडे जातं. यात चूक काही नाही. काम शोधणं ही लाजेची गोष्ट नाही. फक्त खरं काम आणि फसवणूक यांतला फरक ओळखता आला पाहिजे.

आधी खरं काम पाहू

१९५९ साली मुंबईत गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. तिथली पद्धत सोपी आहे. केंद्रावरून मळलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून वाळवायचे, परत नेऊन द्यायचे आणि वजनाप्रमाणे मजुरी घ्यायची. माल त्यांचा, मेहनत आपली. पैसा त्यांच्याकडून आपल्याकडे येतो.

हीच आपली कसोटी. खऱ्या कामात पैसा आपल्याकडे येतो. काम मिळण्याआधीच पैसा आपल्याकडून जायला लागला, तर ती फसवणूक समजा.

काही ताई म्हणतील, "आमचा ठेकेदार पण माल खराब झाला की पैसे कापतो." बरोबर आहे. पण तो मजुरीतून कापतो, तेही काम झाल्यावर. काम द्यायच्या आधी ऑनलाइन पैसे मागणं ही निराळी गोष्ट आहे.

फसवणुकीचे तीन प्रकार

१. पेन्सिल पॅकिंग. समजा, शहापूरकडच्या एका ताईंना मेसेज आला. नामांकित पेन्सिल कंपनी, महिना ३० हजार, १० हजार आगाऊ. आधी नोंदणीचे ६५० रुपये भरायला सांगितले. मग ताईंचाच फोटो लावलेलं ओळखपत्र मोबाईलवर आलं, त्याचे १,२५०. मग "माल गाडीत भरलाय" म्हणून कुरिअरचे २,६०० मागितले. झाले ४,५००. मग म्हणाले, "आणखी ५ हजार भरा, सगळे एकदम परत मिळतील." एकूण ९,५०० गेले आणि पेन्सिल एकही आली नाही.

नटराज आणि अप्सरा पेन्सिली बनवणाऱ्या हिंदुस्तान पेन्सिल्स कंपनीने स्वतःच जाहीर केलं आहे, की पॅकिंगचं काम आम्ही घरी देत नाही. आणि आपणही हिशोब करून पाहावा. गटाच्या मसाल्याचा खर्च आपण काढतो ना? दुकानात पाच-सहा रुपयांना मिळणारी पेन्सिल खेड्यात कुरिअरने पाठवायची, परत न्यायची आणि वर ३० हजार पगार द्यायचा, हे कोणत्या मालकाला परवडेल?

२. लाईक करा, पैसे मिळवा. टेलिग्रामवर व्हिडिओ लाईक करायला किंवा हॉटेलला चांगले गुण द्यायला सांगतात. पहिल्या दिवशी १५०-२०० रुपये खरंच खात्यात येतात. इथेच आपण फसतो, कारण आपली कसोटी खरी ठरल्यासारखी वाटते. पण हे पैसे म्हणजे गळाला लावलेलं आमिष. पुढे "१ हजार भरा, १,३०० मिळतील", मग ५ हजार, मग ५० हजार. मोबाईलवर आपली कमाई वाढलेली दिसते, पण काढता येत नाही. काढायची म्हटली की "आधी कर भरा".

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा १०० पेक्षा जास्त वेबसाईट बंद केल्या. निवृत्त लोक, महिला आणि बेरोजगार तरुण हे त्यांचं लक्ष्य होतं, आणि "घर बैठे जॉब" अशाच शब्दांच्या जाहिराती ते लावत होते. सूत्रं परदेशातून हलत होती. म्हणजे फसणारी ताई अडाणी नसते. समोर मोठी टोळी बसलेली असते.

३. डेटा एन्ट्री आणि नोटीस. यात सुरुवातीला पैसे मागत नाहीत. मोबाईलवर करार करून घेतात, आठवडाभर टायपिंग करून घेतात आणि मग सांगतात, "चुका फार आहेत, दंड भरा, नाहीतर कोर्टात खेचू." वकिलाच्या नावाने नोटीसही येते. घाबरू नका. व्हॉट्सअॅपवर पैसे मागून कोर्ट चालत नाही. दंड भरू नका, ती नोटीस घेऊन पोलीस ठाण्यात जा.

ही एक गोष्ट तर कधीच करू नका

"तुमचं खातं वापरू द्या, महिना ५ हजार देतो." हे काम नव्हे. दुसऱ्या कोणाला फसवून आणलेला पैसा तुमच्या खात्यातून फिरवला जातो. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड, ओटीपी कोणालाही देऊ नका. आणि लक्षात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

फसलो तर?

१. लगेच १९३० वर फोन करा. नवऱ्याला काय सांगू, या विचारात रात्र घालवू नका. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो. जितक्या लवकर कळवाल, तितकी तो मध्येच अडवण्याची शक्यता जास्त.

२. किती रुपये, किती वाजता, कोणत्या खात्यातून गेले आणि व्यवहाराचा क्रमांक हे जवळ ठेवा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

३. मेसेज पुसू नका. तो पुरावा आहे.

४. आपल्या बँकेलाही कळवा आणि पोलीस ठाण्यात जा. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, तर शहापूर-मुरबाड ठाणे ग्रामीण पोलिसांकडे. "हे आमच्या हद्दीत नाही" असं कोणी म्हटलं, तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवा म्हणून सांगा. तशी कायद्यात तरतूद आहे.

५. "तुमचे गेलेले पैसे काढून देतो, फी भरा" असा फोन आला, तर तीही फसवणूकच.

गटाचं काम

अशा वेळी ताई गटातून अंतर्गत कर्ज काढते आणि कारण "आजारपण" सांगते. मग हप्ता थकतो, बोलाचाली होते, ताई बैठकीला येणं बंद करते. पैसा एकीचा जातो, पण विश्वास सगळ्या गटाचा जातो. म्हणून कर्ज देताना आपुलकीने विचारा, "ताई, हे पैसे कोणाला पाठवायचे आहेत?" आणि कोणी फसली असेल, तर "एवढं कळलं नाही का?" असं म्हणू नका. तिच्यासोबत बसून १९३० लावून द्या. आज आपण हसलो, तर उद्या दुसरी ताई बोलणारच नाही.

बैठकीत चर्चा करा

- आपल्यापैकी कोणाला असा मेसेज आला आहे? मोबाईल काढून सगळ्यांना वाचून दाखवा.
- त्या कामात पहिला पैसा कोण कोणाला देणार आहे?
- आपल्या गावात खरं घरकाम कोण देतं? त्याचं नाव, पत्ता, दर गटाच्या वहीत लिहा.
- १९३० हा नंबर प्रत्येकीने मोबाईलमध्ये आत्ताच टाका. ज्यांना जमत नाही, त्यांना शेजारच्या ताईने टाकून द्यावा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने हा पाठ गटात नसलेल्या एका तरी शेजारणीला सांगून यायचं आहे. सीआरपी ताई विचारणार आहेत!